ईझेड८१ काढून डायोड टाकले, तेव्हा नेमकं काय बदललं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हची जोडी असलेला जुना पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या उलट काम करतात असा) मोनो अ‍ॅम्प्लिफायर, २७०-०-२७० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ईझेड८१ हा व्हॉल्व्ह रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा), त्यापुढे ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, मग एक रेझिस्टर आणि पुन्हा ५०. कुणाच्या तरी सांगण्यावरून तुम्ही ईझेड८१ काढून दोन १एन४००७ डायोड बसवले आणि पहिल्या कंडेन्सरच्या जागी २२० चा लावला. सुरुवातीला आवाज स्वच्छ आणि घट्ट वाटला. दोन महिन्यांत तो रुक्ष वाटायला लागला, आणि परवा रात्री एका ईएल८४ ची प्लेट लाल झालेली दिसली. एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना मिळणारा उच्च डीसी पुरवठा, आधी ३०५ व्होल्ट होती, आता ३४० आहे. तुम्ही विचारताय की व्हॉल्व्ह रेक्टिफायरचा आवाज खरंच गोड असतो का, आणि तो परत बसवावा का.

परत बसवा. पण २२० चा कंडेन्सर आधी काढा, नाहीतर ईझेड८१ पहिल्याच दिवशी जाईल. आणि तो गोडव्यासाठी बसवू नका. तुम्ही एका दिवशी चार गोष्टी बदलल्यात: एचटी व्होल्टेज, पुरवठ्याचा अंतर्गत रोध, रिपल (डीसीवर उरलेली मेन्सची लहर) आणि हीटरचं (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचं) व्होल्टेज. कानाला मात्र एकच आवाज ऐकू आला आणि त्याचं श्रेय तुम्ही डायोडला दिलंत. माझ्या मते सुरुवातीची ती स्वच्छता कंडेन्सरने आणली होती, आणि नंतरचा रुक्षपणा वाढलेल्या व्होल्टेजने. डायोडचा स्वतःचा वाटा या दोन्हींत अगदी थोडा आहे.

सगळ्यात आधी लाल प्लेट. तो अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवा, आज 'शेवटचं एकदा ऐकू' म्हणूनही लावू नका. ईएल८४ ची प्लेट १२ वॅटपर्यंतची आहे आणि प्लेट व स्क्रीन (प्लेटच्या अलीकडची जाळी) दोन्हींची व्होल्टेजची मर्यादा ३०० आहे. तुमच्यासारख्या कॅथोड बायसच्या (कॅथोडवरच्या रेझिस्टरने करंट ठरणाऱ्या) सर्किटमध्ये, दोघांना मिळून १३० ओमचा कॅथोड रेझिस्टर आणि ३०० व्होल्ट, असं असताना प्रत्येक व्हॉल्व्ह शांत अवस्थेत साधारण ३६ मिलिअँपिअर घेतो. ३०५ ला हिशेब साडेदहा वॅटच्या आसपास येतो, म्हणजे ठीक. ३४० ला मात्र करंटही वाढतो, साधारण ४१ होतो, आणि हिशेब तेरा वॅटच्या पुढे जातो. स्क्रीन तर ३०० च्या कितीतरी वर. त्यात आपल्याकडची मेन्स. माझ्या भागात रात्री अकरानंतर मीटर सहज २४५ दाखवतो. २३० ला ३४० असेल तर २४५ ला ३६० च्या पुढे. व्हॉल्व्ह मग पंधरा वॅटच्या जवळ चालतो. परवा रात्रीच प्लेट लाल दिसली, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

एकच व्हॉल्व्ह लाल झाला, दोन्ही नाही, म्हणून पुरवठा दुरुस्त केल्यावर आणखी एक तपासणी करा. तो व्हॉल्व्ह काढून ठेवा, चांगला व्हॉल्व्ह त्या जागी लावा आणि ग्रिडवर (सिग्नल येतो त्या जाळीवर) डीसी व्होल्टेज मोजा. तिथे शून्य हवं. अर्धा-एक व्होल्ट पॉझिटिव्ह दिसला तर आधीच्या टप्प्याला जोडणारा, कपलिंगचा जुना कागदी कंडेन्सर गळतोय. एचटी वाढल्यावर जुने कागदी कंडेन्सर गळायला लागतात हे मी इतक्यांदा पाहिलंय, की जुना सेट समोर आला की मी ते आधीच बदलून टाकतो.

आता मूळ विषय. पॉवर सप्लाय हा सर्किटच्या बाहेरचा, नुसती वीज पुरवणारा भाग आहे अशी आपली समजूत असते. तसं नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपमधून येणारा करंट प्लेटमधून कॅथोडला, तिथून चासीला आणि मग फिल्टरच्या कंडेन्सरमधून पुन्हा त्याच टॅपला जातो. म्हणजे तो कंडेन्सर सिग्नलच्या वाटेतच बसलेला आहे. सिंगल-एंडेड, म्हणजे जोडीऐवजी एकच बाजू असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तर स्पीकरला जाणारा सगळा ऑडिओ करंट त्यातून फिरतो. म्हणून तिथे शेवटच्या कंडेन्सरचा दर्जा आणि आकार लगेच कानाला कळतो. पुश-पुलमध्ये एका बाजूचा करंट वाढतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा कमी होतो, दोन्हींची बेरीज बरीचशी स्थिर राहते, आणि सप्लायला फारसा धक्का बसत नाही. आवाज मोठा केल्यावर, म्हणजे क्लास एबीत (दोन बाजू आळीपाळीने बंद पडायला लागतात तेव्हा), ही बेरीज सुटते आणि सप्लाय हलायला लागतो. कुठल्याही बदलाचा परिणाम किती ऐकू येईल हे आधी या एका गोष्टीवर ठरतं. सिंगल-एंडेड आहे की पुश-पुल, आणि पुश-पुल असेल तर किती जोरात चालवताय?

'सॅग'बद्दल, म्हणजे जोराच्या आवाजात एचटी खाली बसण्याबद्दल, लोक बरंच बोलतात, म्हणून तुमच्याच अ‍ॅम्प्लिफायरवर आकडे मांडतो. ईएल८४ ची जोडी ३०० व्होल्टवर शांत असताना प्लेट आणि स्क्रीन मिळून साधारण ८० मिलिअँपिअर घेते. पूर्ण १७ वॅट देताना ११४. फरक ३४ चा. ईझेड८१ आणि वाइंडिंग मिळून पुरवठ्याचा रोध ४०० ओम धरा, तर एचटी चौदा व्होल्टने खाली जाईल. डायोड लावल्यावर रोध सव्वादोनशेच्या आसपास उतरतो, मग सात-आठ व्होल्ट. म्हणजे दोन रेक्टिफायरमधला सॅगचा फरक सहा व्होल्ट, तीनशेत दोन टक्के. डेसिबलमध्ये तो ०.२ सुद्धा भरत नाही. तुमच्या कानांवर माझा विश्वास आहे, पण तो फरक तुम्ही ऐकला असं मी मानणार नाही.

याउलट फिक्स्ड बायसवर (ग्रिडला बाहेरून दिलेल्या ठरावीक व्होल्टेजवर) चालणारी ईएल३४ या मोठ्या व्हॉल्व्हची जोडी घ्या. शांत असताना ७० मिलिअँपिअर आणि पूर्ण जोरात २०० च्या घरात. मागे ५यू४ रेक्टिफायर आणि वाइंडिंग मिळून ३०० ओम, तर एचटी जवळजवळ चाळीस व्होल्टने खाली बसते. ४३० व्होल्टमधले नऊ टक्के गेले, म्हणजे पाऊण डेसिबलपेक्षा जास्त, आणि तेही नेमकं जोराच्या घावावर. हे ऐकू येतं. वाजवणाऱ्याला तर ते हातालाच जाणवतं.

म्हणून गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ही गोष्ट वेगळी आहे. फेंडरच्या १९५० च्या दशकातल्या ट्वीड डिलक्समध्ये ५वाय३ रेक्टिफायर आणि १६ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर होते. जोरात तार छेडली की सप्लाय आधी दबतो आणि मग हळूहळू वर येतो, त्यामुळे सूर फुलत गेल्यासारखा वाटतो. त्याच कंपनीच्या ५एफ६-ए बासमनमध्ये जीझेड३४ रेक्टिफायर आणि चोक (लहर अडवणारी गुंडाळी) होता. त्याच सर्किटवरून लंडनमध्ये मार्शलचा जेटीएम४५ झाला. पुढे मार्शलच्या शंभर वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सिलिकॉन डायोड आले, आणि आवाजाची धार बदलली. मेसा बुगीने तर ड्युअल रेक्टिफायरमध्ये डायोड आणि व्हॉल्व्ह यांच्यात निवड करायला स्विचच दिला. हे सगळे अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या मर्यादेपर्यंत, किंबहुना मर्यादेपलीकडे वाजवले जातात. घरी बसून गाणं ऐकताना आपण एक-दोन वॉटच्या वर क्वचित जातो. गिटारवाल्यांचा अनुभव खरा आहे, पण तो जसाच्या तसा आपल्या बैठकीच्या खोलीत आणला की गोंधळ होतो.

कॅथोड बायसच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ज्याला लोक रेक्टिफायरचा सॅग म्हणतात, तो पुष्कळदा कॅथोडवरच घडतो. जोराचा घाव आला की सरासरी करंट वाढतो, कॅथोड बायपास कंडेन्सर चार्ज होऊन कॅथोडचं व्होल्टेज वर जातं, व्हॉल्व्ह थोडा थंड बायसवर येतो आणि घाव ओसरला तरी काही क्षण तिथेच राहतो. आवाज दबल्यासारखा होऊन परत उघडतो. कॅथोडवर मीटर लावून तबल्याचं जोरकस वादन लावा, काटा हलताना दिसेल. डायोड लावा की ईझेड८१ लावा, ही हालचाल तशीच राहते.

सॅग किती यापेक्षा तो किती वेळात भरून येतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुरवठ्याचा रोध गुणिले कंडेन्सर, हा त्याचा काळ. ४०० ओम आणि ५० मायक्रोफॅरड म्हणजे २० मिलिसेकंद. ४०० ओम आणि २२० म्हणजे ८८. आता द्रुत तीनताल घ्या, मिनिटाला २४० मात्रा. एका मात्रेला २५० मिलिसेकंद मिळतात, आणि मात्रेत चार अक्षरं आली की प्रत्येक अक्षराला जेमतेम ६२. ज्या सप्लायला सावरायला ८८ लागतात तो अक्षराअक्षरामध्ये सावरत नाही, सगळा रेला थोड्या खालच्या व्होल्टेजवर जातो. छोटा कंडेन्सर प्रत्येक अक्षराला जास्त दबतो पण लगेच उठतो. म्हणून कंडेन्सर मोठा करायचा असेल तर रोधही कमी करावा लागतो. एकटा कंडेन्सर वाढवून 'पंच' वाढतो असं म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार करून पाहावा. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा फरक मी डग्ग्याच्या घुमाऱ्यावर स्पष्ट ऐकलाय. चांगल्या सप्लायवर घिस्सा सलग खाली उतरतो, कमकुवत सप्लायवर तो मध्येच पोकळ होतो.

आता तुम्हाला सुरुवातीला मिळालेली स्वच्छता. माझ्या मते तुमच्या या उद्योगातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

आपली मेन्स ५० हर्ट्झची, फुलवेव्ह रेक्टिफायरनंतर रिपल १०० हर्ट्झचा. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर साधारण ९५ मिलिअँपिअर घेतो. करंट भागिले (शंभर गुणिले कंडेन्सर), या साध्या सूत्राने ५० मायक्रोफॅरडवर १९ व्होल्ट रिपल येतो. ऑसिलोस्कोपवर प्रत्यक्षात चौदा-पंधरा दिसेल, कारण कंडेन्सर पूर्ण अर्धचक्रभर रिकामा होत नाही. २२० वर तोच साडेतीनच्या आसपास. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप बहुतेक सर्किटांमध्ये याच पहिल्या कंडेन्सरला असतो, कारण पुश-पुलच्या दोन बाजू समान असल्या की हा रिपल ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना छेदतो आणि स्पीकरला कान लावला तरी गुणगुण ऐकू येत नाही. त्यामुळे सगळ्यांना वाटतं की रिपल गेला.

तो गेलेला नसतो. सिग्नल आला की दोन बाजू समान राहत नाहीत, आणि रिपल सिग्नलवर स्वार होतो. तानपुऱ्यावर हे उघडं पडतं. काळी एकचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा. त्यात १०० मिसळले की ३८ आणि २३८ असे दोन पाहुणे सूर तयार होतात. २३८ चं स्थान पाहा: काळी एकच्या सप्तकात ते शुद्ध धैवत आणि कोमल निषाद यांच्या मध्ये कुठेतरी येतं, कुठल्याच रागाला न लागणारं. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ते दडून जाईल. पण तानपुऱ्याची जोडी आणि एकच गळा, एवढंच चालू असताना अशा सुराला लपायला जागा नसते. तो वेगळा ऐकू येत नाही, पण जव्हारी गढूळ वाटते, आलापाच्या मागची शांतता मातकट वाटते. आवाज वाढवून व्हॉल्व्ह क्लिपिंगच्या जवळ गेले की हे वाढतं, आणि स्क्रीनला तोच कंडेन्सर पुरवठा करत असेल तर आणखी वाढतं. तुमचा रिपल एका झटक्यात चौथ्या हिश्शावर आला. तुम्हाला जे 'स्वच्छ' वाटलं ते हे होतं, आणि ते खरं होतं.

मग २२० ठेवायला हरकत काय? ईझेड८१ साठी निर्मात्यांनी पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड दिलेली आहे, आणि प्रत्येक अ‍ॅनोडच्या (प्लेटच्या) वाटेत दीडशे-दोनशे ओमच्या घरातला रोध असावा अशीही अट आहे. जीझेड३४ ला ६० पर्यंत चालतात. कारण सरळ आहे. कंडेन्सर जितका मोठा, तितका तो प्रत्येक चक्रात थोड्याच वेळात आणि मोठ्या धक्क्याने भरतो. करंटचे ते उंच टोक व्हॉल्व्हच्या कॅथोडला सोसत नाहीत, आणि ठिणगी पडते. डायोडला ते सोसतात, पण ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, आणि त्या टोकांचं चुंबकीय क्षेत्र जवळच्या प्रीअँपच्या वायरिंगमध्ये शिरतं. ती गुणगुण गोल नसते, खरखरीत असते, आणि कंडेन्सर वाढवून जात नाही.

अमेरिकेतल्या डायनाकोचा १९५९ चा एसटी-७० याचं चांगलं उदाहरण आहे. एकच जीझेड३४ दोन्ही चॅनेलच्या मिळून चार ईएल३४ ना पुरवतो, आणि पहिला कंडेन्सर फक्त ३० मायक्रोफॅरडचा. त्या सेटची पहिली सुधारणा म्हणून जगभर लोक कंडेन्सर वाढवतात. माझ्या टेबलावर आलेल्या एकात कुणीतरी पहिल्याच जागी १०० चा घातला होता. रेक्टिफायरच्या काचेला आतून काळा डाग पडलेला आणि फ्यूजच्या जागी जाड तार. ती तार पाहून मला रेक्टिफायरपेक्षा ट्रान्सफॉर्मरची जास्त काळजी वाटली.

मोठा कंडेन्सर हवाच, पण पहिल्या जागी नको, चोकच्या पलीकडे हवा. १०० हर्ट्झला १० हेन्रीचा चोक सव्वासहा हजार ओमसारखा अडवतो आणि १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १६ ओमसारखा. म्हणजे रिपल जवळजवळ चारशे पटीने कमी. पंधरा व्होल्टचे चाळीस मिलिव्होल्ट झाले. त्याच जागी १०० ओमचा रेझिस्टर असेल तर कपात फक्त सहा पट. चोकचा डीसी रोध २०० ओम धरला तर ९५ मिलिअँपिअरला १९ व्होल्ट खर्च होतात, आणि तुमच्या बाबतीत तो खर्च फायद्याचाच आहे: ३०५ ची एचटी २८५ च्या आसपास येईल आणि ईएल८४ निवांत चालतील. पैसे कुठे घालायचे असा प्रश्न असेल तर माझं उत्तर नेहमी चोक हेच असतं. महाग फिल्म कंडेन्सर, तेलाचे कंडेन्सर, जुन्या काळातला दुर्मीळ रेक्टिफायर, हे सगळं त्यानंतर. शेवटच्या कंडेन्सरला समांतर एक मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर लावायची पद्धत आहे. लावा, काही बिघडत नाही, पण मला त्याचा फरक कधी खात्रीने ऐकू आलेला नाही.

चोकचं एक पथ्य आहे. चोक आणि कंडेन्सर मिळून झोपाळ्यासारखे असतात, त्यांची स्वतःची एक लय असते. १० हेन्री आणि १०० मायक्रोफॅरडची लय पाच हर्ट्झची. झोपाळ्याला आवर घालतो तो वाटेतला रोध. चोकचा दोनशे आणि रेक्टिफायर-वाइंडिंगचा काहीशे असा रोध असेल तर एका धक्क्यानंतर एचटी शांतपणे जागेवर येते. रेक्टिफायरचा रोध काढून टाकला आणि चोकही कमी रोधाचा घेतला, तर प्रत्येक जोराच्या घावानंतर एचटी पाच हर्ट्झवर दोन-तीन हेलकावे खाते. ऐकताना ते कमी-जास्त होणारं व्होल्टेज म्हणून कळत नाही. बास सुटा आणि उशिरा आल्यासारखा वाटतो. व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या बाजूने बोलायचं तर मी हे बोलेन. त्याचा रोध अनेक जुन्या सर्किटांत हा झोपाळा आवरायचं काम करत होता, आणि तो काढल्यावर ते काम दुसरं कुणी करत नाही. डंकन अँप्सचा पीएसयू डिझायनर हा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात तुमचं सर्किट भरा आणि लोड एकदम वाढवून एचटीची रेघ पाहा. सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी अर्धा तास तिथे घालवा.

तशाच हेलकाव्याचा दुसरा अवतार म्हणजे मोटरबोटिंग. सिग्नल नसताना स्पीकरचा कोन दोन-तीन हर्ट्झवर आत-बाहेर होतो, किंवा फट-फट आवाज येतो. प्रीअँप आणि आउटपुट एकाच सप्लायवर असतात, आउटपुटच्या करंटने एचटी हलली की ती हालचाल प्रीअँपमधून पुन्हा मोठी होऊन येते. इथे कंडेन्सर वाढवत जाणं हा उपाय कधी कधी उलटा पडतो, कारण त्याने लय फक्त खाली सरकते. मी अशा वेळी एखाद्या ठिकाणचा कपलिंग कंडेन्सर लहान करून पाहतो, बहुतेकदा तिथेच प्रश्न सुटतो.

ईएल८४ सारख्या पेंटोड व्हॉल्व्हमध्ये करंट ठरवायला प्लेटच्या व्होल्टेजपेक्षा स्क्रीनचं व्होल्टेज कितीतरी जास्त कारणीभूत असतं. प्लेट वीस व्होल्टने हलली तर ईएल८४ ला फारसं काही वाटत नाही, स्क्रीन वीसने हलली तर सगळा बायस हलतो. म्हणून थोड्या खर्चात सप्लाय सुधारायचा असेल तर आधी स्क्रीनकडे पाहा: तिथे वेगळा फिल्टर आणि चांगला कंडेन्सर. अल्ट्रालिनिअर जोडणी असेल तर हा पर्याय राहत नाही, तिथे स्क्रीन आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्याच टॅपवर असते.

कुणाला डायोडच ठेवायचे असतील तर त्यालाही माझी ना नाही, फक्त नीट ठेवावेत. प्रत्येक डायोडच्या वाटेत दहा वॉटचा रेझिस्टर टाका आणि त्याची किंमत एचटी पुन्हा जुन्या जागी येईपर्यंत वाढवा. तुमच्या सेटला दीडशे ओमपासून सुरुवात करता येईल. डायोडवर उलटं येणारं व्होल्टेज मोजा: २७०-०-२७० ला ते ७६४ होतं, १एन४००७ हजाराचा असतो, चालतो. ३५०-०-३५० ला ते ९९० होतं, तिथे प्रत्येक बाजूला दोन डायोड मालिकेत हवेत. डायोड बंद होताना ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये जी किणकिण उठते ती यूएफ४००७ सारख्या जलद डायोडने आणि लहानशा स्नबरने (रेझिस्टर-कंडेन्सरच्या जोडीने) कमी होते. आणखी दोन गोष्टी लोक विसरतात. एक, ईझेड८१ तापायला वेळ घेतो, डायोड घेत नाही. चालू केल्याबरोबर, व्हॉल्व्ह थंड असताना, कंडेन्सरवर ३८० व्होल्ट येतात. जुने कंडेन्सर ३५० चे असतील तर ते रोज सकाळी मार खातात. दोन, ईझेड८१ चा हीटर एक अँपिअर घेत होता. तो काढला की ६.३ चं वाइंडिंग हलकं होतं आणि बाकीच्या व्हॉल्व्हचे हीटर जास्त व्होल्टेजवर चालतात. २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला जुना ट्रान्सफॉर्मर, रात्रीचे २४५, आणि वर हा हलकेपणा: मी सात व्होल्टच्या पुढे गेलेले हीटर मोजलेत. तुमच्या ट्रान्सफॉर्मरला २४० चा टॅप असेल तर तो वापरा. नसेल तर आपल्याकडे अजून चांगले वाइंडर आहेत, त्यांच्याकडून २४० चा प्रायमरी असलेला ट्रान्सफॉर्मर करून घ्या. चोकही तिथेच होईल: १० हेन्री, १२० मिलिअँपिअर, रोध दोनशेच्या आत, आणि गाभ्यात गॅप ठेवायला आठवणीने सांगा. गॅप नसलेला चोक डीसी वाहताना संपृक्त होतो आणि नावापुरताच उरतो.

तुम्ही विचारलेला मूळ प्रश्न राहिला: व्हॉल्व्ह रेक्टिफायरचा स्वतःचा आवाज असतो का? मी हा प्रयोग अनेकदा केलाय. एकाच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्ह, आणि मग रेझिस्टरसह डायोड. एचटी मीटरवर समान, स्पीकरच्या टोकांवर सिग्नल समान, बदल करणारा दुसरा माणूस. घरच्या आवाजाच्या पातळीला, पुश-पुलमध्ये, मला आणि माझ्याबरोबर बसलेल्यांना खात्रीने ओळखता आलं नाही. सिंगल-एंडेडमध्ये, रेझिस्टर नसताना, ओळखता आलं. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वाजवणाऱ्याने डोळे मिटून ओळखलं. म्हणून मी घरच्या सेटमध्ये व्हॉल्व्ह रेक्टिफायर वापरतो तो मुख्यतः हळू तापण्यासाठी आणि त्याच्या रोधासाठी.

आता कामाला लागताना: प्लग काढा, आणि २२० मायक्रोफॅरडवर किती व्होल्ट आहेत ते मोजल्याशिवाय आत हात घालू नका. २२० किलोओम, दोन वॉटचा रेझिस्टर कायमचा त्याला समांतर लावलात तरी तो कंडेन्सर रिकामा व्हायला चारेक मिनिटं लागतात. मोजताना एक हात खिशात.

पहिल्या जागी ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. ईझेड८१ परत. मग चोक, मग १०० मायक्रोफॅरड, तोही ४५० चा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप चोकनंतरच्या कंडेन्सरवर आणा, म्हणजे २२० ने मिळालेली स्वच्छता हातची जाणार नाही, उलट वाढेल. लाल झालेला व्हॉल्व्ह वापरू नका, तो थंड झाल्यावर बरा दिसला तरीही. नवी जोडी जुळवलेलीच घ्या. दुपारी एकदा आणि रात्री अकरानंतर एकदा हे पाच आकडे लिहून घ्या आणि मला कळवा: मेन्स, हीटर, चोकच्या दोन्ही बाजूंची एचटी, आणि कॅथोडचं व्होल्टेज. कॅथोड दहा व्होल्टच्या आसपास आणि दोन्ही ग्रिड शून्यावर असतील, तर तानपुरा लावून बसा.